वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे नैराश्य आणि त्यावरच्या गोळ्या : खान्देशातील रुग्ण व नातेवाइकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खान्देशातून वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेला रुग्ण बहुधा सुरत, नाशिक, मुंबई, पुणे किंवा इंदूर गाठतो. त्याची नैराश्याची गोळी मात्र जळगाव, धुळे, नंदुरबार किंवा भुसावळच्या मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेली असते. पोट एकाच्या हाती, मन दुसऱ्याच्या हाती, आणि या दोघा डॉक्टरांची गाठ कधी पडतच नाही. खालचे बहुतेक प्रश्न याच फटीतून उगवलेले आहेत. उत्तरे प्रौढ रुग्णांना धरून लिहिली आहेत. डोस ठरवण्याचे आणि बदलण्याचे काम तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांचे आहे. त्यांना काय विचारायचे, हे मात्र इथून घेता येईल.

शस्त्रक्रियेच्या आधीपासून नैराश्याची गोळी चालू आहे. ऑपरेशन ठरले म्हणून ती बंद करावी का?

नाही. स्वतःहून तर मुळीच नाही. नैराश्यविरोधी गोळी अचानक थांबवली, की काही दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असा त्रास सुरू होऊ शकतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन या औषधांच्या बाबतीत हा त्रास अधिक दिसतो. फ्लुओक्सेटिन शरीरात दीर्घकाळ रेंगाळत असल्याने तिच्या बाबतीत तो कमी असतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अशक्तपणा तसाही असतो, त्यामुळे त्रास टाक्यांचा की सुटलेल्या गोळीचा, हे ओळखणे डॉक्टरांनाही अवघड जाते. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी गोळी घ्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे. त्यांच्यापासून गोळी लपवू नये. सासरच्यांना कळेल या भीतीने ती लपवणाऱ्या सुना आणि गावात चर्चा होईल म्हणून लपवणारे कर्ते पुरुष, दोन्ही आपल्याकडे आहेत. भूल देणाऱ्याला मात्र प्रत्येक गोळी माहीत असलीच पाहिजे.

गोळी तीच, डोस तोच, मग ऑपरेशननंतर तिचा परिणाम कमी का वाटतो?

गोळीचा रस्ताच बदललेला असतो. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे पाऊण भाग किंवा त्याहून थोडा अधिक काढून टाकतात. बायपासमध्ये जठराची जेमतेम ३० मिलिलिटरची लहान पिशवी उरते आणि अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग ओलांडून थेट पुढे उतरते. गोळी विरघळायला आम्ल लागते, ते कमी झालेले असते. ती शोषून घेणारा आतड्याचा पृष्ठभाग बायपासमध्ये आखूड झालेला असतो. पित्त आणि पाचकरस तिला उशिरा भेटतात. शिवाय वजन उतरते तसे शरीरातील चरबीचे आणि यकृताच्या कामाचे गणितही हलते.

अमेरिकेत बायपास झालेल्या १२ रुग्णांचा एक लहान अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर एका महिन्याने त्यांपैकी ८ जणांच्या रक्तात औषधाचे प्रमाण सरासरीने पूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते. त्यांतल्या काहींचे प्रमाण सहा महिन्यांपर्यंत पुन्हा पूर्वपदावर आले. १२ माणसांवरून सगळ्या जगाचा निष्कर्ष काढता येत नाही. पण पहिला महिना जोखमीचा असतो आणि प्रत्येकाचे शरीर वेगळे वागते, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही. सर्ट्रालिन आणि ड्युलोक्सेटिन यांचे शोषण बायपासनंतर कमी झाल्याचे अशाच छोट्या अभ्यासांत आढळले आहे. स्लीव्हनंतर आतड्याचा रस्ता तसाच राहतो, म्हणून तिथे हा प्रश्न सहसा सौम्य असतो.

माझ्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असे लिहिलेले आहे. त्याने काही फरक पडतो का?

पडतो. ही अक्षरे म्हणजे गोळी तासन्‌तास हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली आहे. तिला जेवढा लांब रस्ता गृहीत धरला आहे, तेवढा बायपासनंतर उरत नाही, आणि पूर्ण विरघळण्याआधीच ती पुढे निघून जाण्याची शक्यता राहते. म्हणून अनेक डॉक्टर शस्त्रक्रियेनंतर निदान काही काळ त्याच औषधाची साधी, लगेच विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा विभागून देणे पसंत करतात. हा नियम सरसकट नाही. व्हेन्लाफॅक्सिनच्या सावकाश विरघळणाऱ्या कॅप्सूलचे शोषण बायपासनंतर फारसे बदलले नाही, असेही पाहण्यात आले आहे. बदल करायचाच असेल, तर तो शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी करावा, म्हणजे नवी गोळी अंगवळणी पडली की नाही हे शांतपणे पाहता येते.

पहिले दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ चालतात. मग गोळी खलबत्त्यात कुटून घेतली तर चालेल का?

साधी गोळी डॉक्टरांना विचारून कुटता येते. वरील अक्षरांची गोळी कधीही कुटू नये, कारण दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधील बारीक दाण्यांवर आम्लापासून जपणारे आवरण असते, त्यामुळे तेही कुटू किंवा चावू नयेत. काही औषधे द्रवरूपात किंवा जिभेवर विरघळणाऱ्या स्वरूपात मिळतात. मेडिकलवाल्याला नुसते ‘याच्यात पातळ आहे का’ असे न विचारता डॉक्टरांकडून तशी चिठ्ठीच लिहून घ्यावी.

डोस कमी पडतो आहे हे कसे ओळखायचे? रक्ताची तपासणी असते का?

लिथियमसारख्या मोजक्या औषधांची पातळी नेहमीच्या तपासणीत मोजतात. नैराश्याच्या बहुतेक गोळ्यांची तशी नेहमीची तपासणी आपल्या भागात होत नाही. त्यामुळे लक्षणांवरच नजर ठेवावी लागते. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली यासाठी सोयीची आहे. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा अधिक गुण आले की डॉक्टरांना दाखवावे. ती शस्त्रक्रियेच्या आधी एकदा भरून ठेवावी, म्हणजे पुढची तुलना अंदाजपंचे होत नाही. त्यानंतर पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी आणि पुढे महिन्यातून एकदा भरावी. तिच्यातले भूक, थकवा आणि झोपेचे प्रश्न मात्र जपून वाचावेत, कारण नवे ऑपरेशन झालेल्या माणसाची भूक कमी असणारच. कशातच रस न वाटणे, स्वतःला कमी लेखणे, जगणे नकोसे वाटणे, या उत्तरांना अधिक वजन द्यावे. घरातली आजी ‘मना जीव लागत नही’ असे अहिराणीत म्हणते, तेव्हा तिने प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न सोडवलेला असतो.

वजन उतरले, मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, सगळे कौतुक करतात. तरीही मन उदास का?

शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांपैकी साधारण पाचात एकाला आधीपासून नैराश्य असते. पहिल्या वर्षी बहुतेकांचे मन खरोखरच हलके होते. मग वजन उतरण्याचा वेग मंदावतो आणि काहींचे नैराश्य परत डोके वर काढते. त्याला कारणे बरीच आहेत. त्रासाच्या वेळी आधार देणारे खाणे हातातून गेलेले असते. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. पोटाची आणि दंडाची कातडी लोंबते, तिचा विचार आधी कोणी केलेला नसतो. आणि गावात बारीक होणे म्हणजे आजारी पडणे, असा समज अजून जुना झालेला नाही. ‘काय झालं हो, इतके उतरलात?’ असे दहा जणांनी विचारले, की त्या प्रश्नातली काळजी अकराव्याला टोचू लागते. वजनाबरोबर संसार, नोकरी, नाती आपोआप सुधारतील अशी आशा धरलेल्यांना हा काळ अधिक जड जातो. माझ्या मते शस्त्रक्रियेपूर्वीच्या समुपदेशनात आहारावर जेवढा वेळ जातो, त्याचा चौथा हिस्सा जरी या आशेवर खर्च झाला तरी पुष्कळ साधेल.

हे नैराश्यच आहे, की जीवनसत्त्वांची कमतरता?

दोन्ही असू शकते, म्हणून आधी रक्त तपासावे. बी-१२, फॉलिक आम्ल, लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्व कमी झाले की थकवा, विसराळूपणा, चिडचिड आणि उदासी येते, आणि ती नैराश्यासारखीच दिसते. शाकाहारी घरांतील रुग्णांत बी-१२ आधीच कमी सापडते आणि जठर लहान झाल्यावर ते शोषणे आणखी कठीण होते. थायरॉईडचीही तपासणी करून घ्यावी. बी-१२ कमी निघाले म्हणून नैराश्याची गोळी बंद करू नये आणि गोळी चालू आहे म्हणून बी-१२ टाळू नये. शस्त्रक्रियेनंतरच्या पूरक गोळ्या आयुष्यभराच्या असतात. दुसऱ्या वर्षी बरे वाटते म्हणून त्या सोडणारे बरेच भेटतात.

सतत उलट्या होत आहेत. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून घ्यावे का?

इथे थोडे थांबून वाचावे, कारण चूक महागात पडते. शरीरात थायमिनचा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांचाच असतो. ऑपरेशननंतर उलट्या चालूच राहिल्या आणि पोटात काही टिकले नाही, तर तो संपतो. मग डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे अशी लक्षणे येतात. घरच्यांना तो अशक्तपणा वाटतो, कधी मनाचा आजार वाढल्यासारखा वाटतो. अशा वेळी थायमिन न देता नुसते ग्लुकोजचे सलाईन लावले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना ‘वजनाचे ऑपरेशन झाले आहे, आधी थायमिन द्या’ हे एक वाक्य सांगावे. सुरुवातीच्या महिन्यांत एक-दोन दिवसांहून अधिक उलट्या चालल्या, तर सर्जनला फोन करावा. उलट्यांमुळे नैराश्याची गोळी पोटात टिकत नाही, हा मुद्दा तुलनेने लहान असला तरी तोही सांगावा.

मला लिथियम चालू आहे. उन्हाळ्यात काही वेगळे करावे लागते का?

लिथियम द्विध्रुवी विकारात आणि कधी हट्टी नैराश्यात जोड म्हणून देतात. सुरक्षित आणि विषारी पातळीत अंतर फार थोडे. सर्वसाधारणपणे रक्तातील पातळी ०.६ ते १.० च्या दरम्यान ठेवतात. शस्त्रक्रियेनंतर एका वेळी घोट-दोन घोटच पाणी पिता येते, जेवणातून जाणारे मीठही घटते, आणि पाणी व मीठ कमी पडले की मूत्रपिंड लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवते. त्यात जळगाव-भुसावळचा वैशाख, पारा ४५ अंशांच्या आसपास. हातांना ठळक कंप, जुलाब, जीभ जड होणे, झोकांड्या जाणे ही लक्षणे दिसली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यांत पातळी वारंवार तपासावी. निवडीला वाव असेल, तर लिथियम घेणाऱ्याने ऑपरेशन ऐन उन्हाळ्यात न करता थंडीत करावे, असे मी सुचवीन.

दुखण्याच्या आणि ॲसिडिटीच्या गोळ्या सोबत चालतात का?

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या बायपासनंतर टाळायच्याच असतात, कारण जोडाच्या जागी व्रण पडतो. नैराश्याच्या अनेक गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, तो या गोळ्यांसोबत आणखी वाढतो. आणि लिथियमची पातळीही त्या वर चढवतात. कंबर दुखते म्हणून एसटी स्टँडजवळच्या मेडिकलमधून सुटी गोळी घेण्याची सवय इथे मोडावी लागते. पॅरासिटामॉल सहसा चालते. ट्रामाडॉल हे वेदनाशामक नैराश्याच्या गोळ्यांसोबत दिले, तर क्वचित घाम, थरथर, ताप, जुलाब आणि संभ्रम असा गंभीर प्रकार होतो, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर ते नाव आहे का ते पाहावे. ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल सुरू असताना सिटालोप्राम व एसिटालोप्राम यांची रक्तातील पातळी वाढू शकते. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही, तरी डॉक्टरांना माहीत असावे.

नैराश्याच्या गोळीने वजन परत वाढेल का?

काही गोळ्यांनी वाढू शकते: मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन, पॅरोक्सेटिन. फ्लुओक्सेटिन आणि सर्ट्रालिन यांचा वजनावर परिणाम तुलनेने कमी. ब्युप्रोपियॉनने वजन वाढत नाही, पण फिट येणाऱ्यांना आणि खाऊन मुद्दाम उलटी काढण्याचा आजार असलेल्यांना ते देत नाहीत. वजनाच्या भीतीने चांगली लागू पडलेली गोळी सोडणे हा तोट्याचा सौदा आहे, कारण उपचाराविना राहिलेले नैराश्यही माणसाला पुन्हा खाण्याकडे ढकलते. काळजी वाटते असे सांगून गोळी बदलून मागावी.

थोडी दारू चालते का?

बायपासनंतर दारू रक्तात झपाट्याने चढते आणि पूर्वीपेक्षा कमी पेल्यांत नशा येते. अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दारूच्या व्यसनाचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के होते, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाले. म्हणजे धोका लगेच दिसत नाही, उशिरा येतो. तिकडच्या वाइनला जे लागू, ते सातपुड्यातल्या मोहाच्या दारूलाही लागू. नैराश्य असलेल्याने पूर्ण वर्ज्य करावी, हेच माझे मत.

आखाजीला मांडे, कानबाईचे रोट, हिवाळ्यात भरीत. सणावाराला मन मोडावे लागते, त्याचे काय?

हा आहाराचा प्रश्न वाटतो, पण तो एकटेपणाचा आहे. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीला पुरणाचा मांडा वाढणे ही आईची माया असते, आणि लेकीने ताट बाजूला सारले की दोघींना लागते. बायपासनंतर पुरणासारख्या गोडाने धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात, त्यामुळे ‘थोडेसे घे’ हा आग्रह निरुपद्रवी नाही. आधी आईशी बोलून ठेवावे. रोटाचा प्रसाद बोटभर घेता येतो. भरिताच्या पार्टीत तेल आणि तिखट बेताचे असेल, तर मऊ शिजलेले वांगे सर्जनने मुभा दिल्यानंतर दोन घास चालते. कळण्याची भाकरी बराच काळ बाजूला राहील. शेतावरच्या पंगतीला जाणे मात्र सोडू नये. न खाता बसता येते, आणि घरी एकटे बसण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

गोळ्या कधी बंद करता येतात?

वजन उतरले, हे गोळी थांबवण्याचे कारण होत नाही. पहिल्यांदाच आलेले नैराश्य पूर्ण बरे झाल्यावरही साधारण सहा ते बारा महिने गोळी चालू ठेवतात आणि वारंवार येणाऱ्या आजारात त्याहून अधिक काळ. थांबवताना डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात ते सहसा टाळावे. खर्च हे कारण असेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. जनऔषधी केंद्रांत यांतील अनेक औषधे स्वस्तात मिळतात.

मूल हवे आहे. काय लक्षात ठेवावे?

शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. वजन उतरताच पाळी नियमित होऊन गर्भ राहण्याची शक्यता वाढते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून तांबीसारख्या साधनाविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे. दिवस राहिले म्हणून नैराश्याची गोळी घाबरून बंद करू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर मात्र गर्भधारणेचा विचार करण्याआधीच ते बदलून घ्यावे लागते.

मनात मरणाचे विचार येतात. कोणाला सांगू?

घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला आजच सांगावे आणि १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. ही शासनाची मोफत सेवा आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीतून बोलता येते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तातडीच्या वेळी तिथे थेट जावे.

नातेवाइकांनी हे ध्यानात ठेवावे, की कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या पाहणीत स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झाल्या आणि त्यांतील बहुतांश दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या होत्या. म्हणजे ज्या काळात सर्जनच्या फेऱ्या संपतात आणि घरचे निर्धास्त होतात, तोच काळ जपायचा असतो. असे घडणाऱ्यांची संख्या एकूणात थोडीच होती, त्यामुळे शस्त्रक्रियेला घाबरू नये. ‘मनात तसले विचार येतात का’ असे सरळ विचारल्याने विचार पेरले जात नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. कपाशीच्या फवारणीची औषधे घरात न ठेवता कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात असावीत. गोळ्यांची पाकिटेही आठवड्यापुरतीच रुग्णाच्या हाती द्यावीत.

ऑपरेशन सुरतेला झाले, मानसोपचार जळगावला चालू आहे. दोन्ही डॉक्टरांचा मेळ कसा घालावा?

सध्या तरी तो मेळ रुग्णाच्या फाईलनेच घालावा लागतो. एका कागदावर शस्त्रक्रियेचा प्रकार आणि तारीख लिहावी. नुसते ‘पोटाचे ऑपरेशन’ असे लिहू नये, स्लीव्ह की बायपास हे स्पष्ट असावे. त्याखाली चालू असलेले प्रत्येक औषध, त्याचा डोस आणि नावापुढची अक्षरे, शेवटची रक्ततपासणी आणि पीएचक्यू-९ चे गुण तारखेसह. डिस्चार्ज कार्ड गुजरातीत किंवा अक्षर न लागणारे असेल, तर निघण्यापूर्वी तिथेच टंकलिखित प्रत मागून घ्यावी, कारण पुन्हा तापी लाईनच्या गाडीने एवढ्यासाठी कोणी जात नाही. मानसोपचारतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्या तारखेसोबतच ठरवावी: एक आधी, एक टाके निघाल्यावर दोन ते चार आठवड्यांत, आणि त्यानंतर निदान तीन वर्षे ठरावीक अंतराने, मन बरे असले तरीही.